पोचा आणि प्राण

तांब्याची घागर हातून निसटून फरशीवर पडली तर तिला पोचा येतो. मातीची पडली तर तिचीं खापरें होतात. तांब्याचा पातळ पत्रा वाकतां वाकतां आघाताची ऊर्जा गिळतो व तिची उष्णता करून टाकतो. मोटारीच्या तोंडाशीं बसविलेल्या पातळ पोलादी नळ्यांचें कार्य हेंच होय.

अशी नळी टोंकाकडून दाबली कीं प्रथम ती ताठ राहते. मग एकाएकीं तिच्या भिंतीस घडी पडते, तिच्यामागून दुसरी, तिसरी. बाजाच्या पेटीचा भाता मिटावा तशी ती मिटत जाते. पहिल्या घडीपूर्वींचा प्रतिकार सर्वांत मोठा असतो, म्हणून कारागीर तेथें मुद्दाम खांच ठेवतात. नळी तिरपी दाबली गेली तर मात्र ती बोरूसारखी एकाच ठिकाणीं मोडते, आणि ऊर्जा फारशी खर्च होत नाहीं. संस्कृतांतील वैतसी वृत्ति येथें कामाची नाहीं. वेत पुन्हां उभा राहतो. हा पत्रा वाकला तो वाकला, आणि तेंच इष्ट, कारण उसळून मागें येणारी गाडी आंतल्या माणसांना अधिक धक्का देईल.

आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या गाड्यांच्या परीक्षेंत समोरील आघाताचा वेग ताशीं ६४ किलोमीटर असतो. १२०० किलोच्या गाडींत त्या वेळीं सुमारें १९० किलोज्यूल ऊर्जा असते. समजा, ती ६० सेंटिमीटर चेपत थांबली. तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २७ पट. तीच ५ सेंटिमीटरांत थांबली तर ३०० पटींहून अधिक!

हें लिहिण्याचें कारण असें कीं, नागपुरांत पुष्कळ तरुणांना गाडीपुढें जाड लोखंडी नळ्यांचा सांगाडा बसविण्याची हौस आहे, आणि वडीलधारी मंडळीही ‘गाडी भक्कम झाली’ म्हणून संतोष मानतात. हा सांगाडा पातळ नळ्यांना नीट मिटूं देत नाहीं. आघात सरळ चौकटीवर जातो, आणि हवेच्या उशा फुगविणाऱ्या यंत्रणेचाही अंदाज चुकूं शकतो. पादचाऱ्याचे हाल तर विचारूंच नयेत. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय परिवहन मंत्रालयानें राज्यांना अशा सांगाड्यांविरुद्ध कारवाई करण्यास कळविलें. तरी ते दिसतातच.

शिवमडक्याहून समृद्धि महामार्गावर चढलें कीं ताशीं १२० किलोमीटरची मुभा मिळते. म्हणजे ऊर्जा ६४ च्या साडेतीन पट. नळ्या मात्र तेवढ्याच लांबीच्या. तेव्हां सांगाडा असल्यास प्रवासापूर्वीं तो उतरवावा, आणि मागें बसलेल्या आजीबाईंनींही पट्टा बांधावा. गाडी चेपल्यानें जो क्षणभर अवधि मिळतो, तो गाडीशीं बांधलेल्यालाच मिळतो.