तीन चाकं, तीन रॅम्प

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचाही रस नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. सांगलीच्या ताईने मात्र शेवटपर्यंत वाचायचं, कारण हे सगळं मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

ताईचं म्हणणं असं की, "अरे, गुडघा बदललास, नातवंडं झाली, आता हे काय वय आहे का गाडीखाली लोळायचं? दुकानात दे की." तर ताई, माझं स्पष्ट मत आहे की ट्राइकची साधी देखभाल घरीच करावी, आणि ती जॅकवर नाही, रॅम्पवर करावी. कसं ते सांगतो.

आधी दुकानाचं. माझी २००५ सालची गोल्डविंग. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सिग्नलला पाय टेकवून ते धूड सावरणं जमेना, म्हणून मागचं एक चाक काढून दोन चाकांचं किट बसवून घेतलं. (ट्राइक म्हणजे म्हाताऱ्यांची सोय असं हसणाऱ्यांसाठी: हार्लेची तीनचाकी सर्व्हिकार १९३२ ते १९७३ अशी चाळीस वर्षं बनत होती आणि इथले पोलीस ती पार्किंगच्या गस्तीला वापरायचे. असो.) आता गंमत अशी की दुकानातली लिफ्ट असते दुचाकीची, अरुंद. तिच्यावर पुढचं चाक चढतं, मागची दोन बाहेर लोंबतात. इथल्या दोन दुकानांनी 'एवढी जुनी गाडी, त्यात किट बसवलेली, आम्ही हात लावत नाही' असं गोड शब्दांत सांगितलं. तिसरं लावतं, पण तासाला शंभर डॉलरच्या वर घेतं आणि एप्रिल-मे मध्ये तीन आठवडे थांबवतं. आमच्या मिशिगनमध्ये गाडी चालवायला मिळतात कसेबसे सहा महिने. त्यातले तीन आठवडे ऑइल बदलण्यासाठी घालवायचे?

आपल्याकडे रिक्षावाले काय करतात आठवा. दोन माणसं मिळून रिक्षा सरळ कुशीवर आडवी करतात, खाली एखादा जुना टायर, आणि पोट उघडं! आणि चेतक तर आपण रोज सकाळी किक मारायच्या आधी वाकडी करायचो. पण गोल्डविंग मुळातच चारशे किलोच्या घरात, किट चढल्यावर पाचशेच्या पुढे. तिला कुशीवर घेणं म्हणजे म्हशीला कडेवर घेणं.

मग उरतो जॅक. माझी खरी भीती तिथेच आहे. जॅक लावला की गाडी आपल्या चाकांवरून उठते आणि कुठल्यातरी एका बिंदूवर तोलली जाते. हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं की तो बसतो, न सांगता. त्यासाठी स्टँड लावतात हे खरं, आणि चाक काढायचं असेल तर स्टँडला पर्याय नाही. पण २०२० साली इथल्या एका मोठ्या दुकान-साखळीचे स्टँड परत मागवले गेले, कारण भार हलला की त्यांचा खटका सुटू शकत होता. बदली दिलेल्यांपैकी काही पुन्हा परत मागवले, वेल्डिंग कच्चं म्हणून! सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांबद्दल तर बोलूच नका. ते चिरडण्याआधी कुरकुरही करत नाहीत.

रॅम्पचं मोठेपण एवढंच की गाडी आपल्याच चाकांवर उभी राहते. स्प्रिंगा, टायर, सगळं जसं रस्त्यावर असतं तसंच, फक्त साडेचार इंच वर.

बाजारात मोटारींसाठी प्लॅस्टिकचे रॅम्प मिळतात. ते मी घेतले नाहीत. चढ जास्त असतो, आमच्या गाडीचा पुढचा खालचा भाग आधी टेकतो, आणि ते जोडीने येतात. ट्राइकला तीन लागतात, कारण पुढचं चाक मधोमध. शिवाय नुसतं पुढचं टोक उचललं की तेल मागे सरकतं. सगळं निचरत नाही आणि डिपस्टिक खोटं बोलते. तिन्ही चाकं सारखीच वर हवीत.

म्हणून लाकडाचे केले. इथे ज्याला '२ बाय १२' म्हणतात ती फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद असते. (दोनचे दीड कसे होतात हे अमेरिकेतल्या सुतारांनाच विचारा :) ) तीन थर, एकापेक्षा एक फूटभर आखूड, पुढच्या कडा तिरक्या कापलेल्या, स्क्रूने पक्के. सर्वात वरचा थर पंधरा इंच, आणि त्याच्या शेवटी एक उभा अडसर, म्हणजे उत्साहात पलीकडे उतरायला नको.

मांडणी महत्त्वाची. मागचे दोन रॅम्प दोन बाजूंना, पुढचा त्यांच्या मधल्या रेषेवर बरोबर पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराएवढा पुढे. पुढचं चाक मागच्या दोन रॅम्पच्या मधून जातं आणि तिन्ही चाकं एकदमच चढायला लागतात. मागचे दोन इंचभर जरी मागेपुढे असले तरी एक चाक आधी चढतं, गाडी कलते.

आणि आता माझ्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. पुढच्या चाकाला इंजिनची ओढ नाही, ते रॅम्पला पुढे ढकलतं. मागची चाकं जोर लावतात, ती रॅम्पला मागे लाथ मारतात. गॅरेजच्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही दोन दिशांना पळू बघतात. उपाय सोपा आहे: खाली रबराची चटई, आणि पुढचा रॅम्प मागच्या दोघांना पट्ट्यांनी ताणून बांधायचा. मग एकाची पुढची ओढ दुसऱ्यांची मागची लाथ खाऊन टाकते. मला हे नुसतं लाकूडकामापेक्षा जास्त आवडतं!

वर चढलं की हँडब्रेक, पण तो फक्त मागच्या चाकांना धरतो. म्हणून पुढच्या चाकालाही दोन्हीकडून पाचर. गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती असते, हे विसरू नये. चढवताना सौ. बाजूला उभी राहून हाताने खूण करते. समोर नाही, मागे तर अजिबात नाही. ती घरी नसेल तर गाडी चढत नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे आणि तो तिनेच केलेला आहे.

मग काय होतं? ऑइल, फिल्टर, मागच्या गिअरचं तेल, हिवाळ्यातल्या मिठाने कुठे गंज धरलाय का ते बघणं. इंजिनचा बोल्ट पुढच्या बाजूला खाली आहे, चटईवर कुशीला झोपून हात पोचतो. डोकं, छाती गाडीखाली जात नाही. ताई, हे वाक्य दोनदा वाच. चाक, ब्रेक, बेअरिंग ही कामं मी घरी करत नाही. त्यासाठी ते तीन आठवड्यांवालं दुकान आहेच.

कमरेएवढी उचलणारी रुंद लिफ्ट घ्यावी असं धाकटा म्हणतो. असेल चांगली. पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीने गॅरेजचा अर्धा भाग अडवायचा हे मला पटत नाही. माझे रॅम्प भिंतीला उभे राहतात आणि त्यांच्यावर सौ.च्या कुंड्या ठेवता येतात.

सध्याचा वाद चौथ्या थराचा आहे. सौ. म्हणते आणखी दीड इंच वर घेतलंस तर एवढं लोळावं लागणार नाही. मी म्हणतो चौथा थर म्हणजे प्रत्येक रॅम्प फूटभर लांब, आणि मग गॅरेजचं दार लागत नाही. टेप घेऊन मोजायचं राहिलंय.