भाड्याने देणे आहे : बांबूची नळी

तुमच्या गॅलरीतल्या गुलाबाची पानं कडेने गोल गोल कापलेली दिसतायत? एकदम सफाईदार, जणू ऑफिसातलं पंचिंग मशीन चालवलंय? मग प्लीज, स्प्रेच्या बाटलीला हात लावू नका. हा रोग नाही आणि अळीही नाही. ही एक मधमाशी आहे, आणि तिच्या घराचं इंटिरिअर चालू आहे!

मुघलांच्या काळात आपल्या नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे, म्हणजे फुलबागांचं शहर. आज गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत बहुतेक गॅलऱ्यांत एखादा गुलाब असतोच. त्याची मऊ पानं या लीफकटर बाईंना भलतीच आवडतात. बाई म्हणायचं कारण, सगळं काम तीच करते. पोळं नाही, राणी नाही, कामकरी माश्या नाहीत, मधाचा साठाही नाही. एकदम सिंगल वर्किंग वुमन! लाकडातलं किंवा भिंतीतलं एखादं तयार भोक शोधायचं, पानाचे तुकडे गुंडाळून त्यात कप्पा करायचा, परागकण आणि मकरंदाचा डबा भरायचा, त्यावर एक अंडं घालायचं आणि गोल पानाचं झाकण लावायचं. मग पुढचा कप्पा. मुलींची अंडी आत, मुलांची दाराजवळ. कारण मुलगे आधी बाहेर पडतात. मोठी माशी जगते जेमतेम काही आठवडे, म्हणून तिचा एकेक कप्पा मोलाचा.

इंटरनेटवर ‘बी हॉटेल’ शोधलंत तर बहुतेक वेळा मेसन बी दिसेल, म्हणजे मातीने लिंपणारी गवंडी माशी. ती मुख्यतः थंड प्रदेशातली. जपानमध्ये सफरचंदांच्या बागांत तिला मुद्दाम पाळतात. आपल्याकडे त्या हॉटेलात चेक-इन करतात त्या या पानं कापणाऱ्या आणि झाडाचा डिंक वापरणाऱ्या तिच्या बहिणी. शिवाय आपला काळा भुंगा आहेच. तो वाळकं लाकूड कोरून घर करतो, हे ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आलंय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचं नेचर वॉचिंग, बॉस!

प्रश्न आहे घरांचा. पंचवटीतले, जुन्या नाशकातले लाकडी वाडे एकेक करून पडतायत. तुळयांमधली, खांबांमधली भोकं त्यांच्याबरोबर जातात. आमच्या नव्या बिल्डिंगांना काचा आणि गुळगुळीत प्लास्टर. उरलंसुरलं पेस्ट कंट्रोलवाला बुजवतो. माझ्या समोरच्या काकू गुलाबावर दर पंधरा दिवसांनी औषध मारायच्या. मी त्यांना पान तोंडात धरून उडणारी माशी दाखवली, तर म्हणाल्या, “अगं, ही तर डबा घेऊन चाललीय!” त्या दिवसापासून स्प्रे बंद.

आणि हा नुसता छंद नाही. टोमॅटोच्या फुलाला थरथरवलं की पराग झडतात. भुंगा ते गुणगुणत करतो, पोळ्यातल्या मधमाशीला ही ट्रिक जमत नाही. कांद्याचं बी धरायला तर माश्या हव्यातच, कारण कांद्याच्या फुलात आधी पराग गळतो आणि नंतर स्त्रीकेसर तयार होतो. पिंपळगावचा टोमॅटो आणि लासलगावचा कांदा ज्यांच्या जिल्ह्यात पिकतो, त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

तर या वीकेंडचं होमवर्क :

• बांबूच्या 15-20 नळ्या घ्या. आतलं भोक 6 ते 10 मिलिमीटर, लांबी साधारण 15 सेंटिमीटर. मागचं टोक पेराने बंद हवं. तोंड पॉलिशपेपरने घासा, नाहीतर पंख फाटतात.
• प्लास्टिकच्या नळ्या नकोत. आत ओल धरते, बुरशी येते.
• जुडी घट्ट बांधा आणि सकाळचं ऊन मिळेल अशी भिंतीला पक्की लावा. झोके घेणारं घर त्यांना नको असतं. वर छोटं छप्पर हवंच, आपला पाऊस आहे!
• एका कुंडीत तुळस, एकीत सब्जा आणि जमलं तर मोठ्या कुंडीत तूर. तुरीच्या फुलांवर लीफकटर फिदा असते.
• माश्या निघून गेल्या की जुन्या नळ्या बदला. नाहीतर किडे आणि रोग पुढच्या भाडेकरूला.

चावतील का? एकटी राहणारी माशी पोळं राखत नाही, त्यामुळे अंगावर येत नाही. मुठीत दाबलीत तरच डंख मारेल. आणि एखाद्या नळीला मातीचं झाकण दिसलं तर बहुधा कुंभारीण राहायला आलीय. तिलाही राहू द्या, ती पिल्लांसाठी अळ्या किंवा कोळी पकडून आणते.

डिपॉझिट नाही, ब्रोकरेज नाही, पोलिस व्हेरिफिकेशन नाही. फक्त सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये फवारणीचा विषय निघाला, की हात वर करून एवढं म्हणा : फुलांवर नको, आणि सकाळी तर नकोच.