वाळूवरचे शेवाळ आणि एरिथ्रोमायसिनची पुडी

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात तळाच्या वाळूवर हिरवा किंवा तपकिरी थर चढला की त्याचे खापर बहुधा वाळूवरच फुटते. वाळू उपसली जाते, धुतली जाते, कधी फेकून नवी आणली जाते, आणि काही आठवड्यांत थर पुन्हा दिसू लागतो. थराचे कारण वाळूत आहे हे खरे, पण ते तिच्या रसायनात नसून तिच्या बारीकपणात आहे. जाड खडीच्या तळात माशांची विष्ठा व उरलेले खाद्य फटींतून खाली उतरून अंधारात कुजते, तर अर्धा-एक मिलिमीटर कणांच्या वाळूत त्याला खाली जायला वाटच नसल्याने सारा गाळ पृष्ठभागावर, थेट दिव्याखाली पडून राहतो. अन्न आणि प्रकाश एकाच पातळीवर मिळाल्यावर शेवाळाला आणखी काही लागत नाही.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण ठरावे. जुन्या गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांतील खोल्यांत दिवसाही उजेड बेताचाच असल्याने टाकीवरचा दिवा खोलीच्या दिव्यासारखा सकाळपासून रात्रीपर्यंत जळत राहण्याचा संभव असतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी झपाट्याने घटते आणि ती घट कठीण बोअरच्या पाण्याने, किंवा काटकसर म्हणून आरओ यंत्राने बाहेर टाकलेल्या पाण्याने भरून काढली, तर वाफ उडून जाते पण नायट्रेट, सिलिकेट व क्षार मागे साचत जातात. दोष मात्र वाळूला दिला जातो. बांधकामाच्या ढिगातून मिळणारी ‘बदरपूर’, म्हणजे अरवलीच्या क्वार्ट्‌झाइट खडकाची भरड रेती, आणि यमुनेची बारीक, अभ्रकाने चमकणारी राखी रेती या दोन्हींवर ‘सिलिका सोडते’ असा आरोप होतो. वस्तुतः क्वार्ट्‌झ पाण्यात इतका मंद विरघळतो की त्याला दोषी धरणे अन्यायाचे आहे; सिलिकेट येते ते भरलेल्या पाण्यातूनच.

हे सिलिकेट वापरणारे शेवाळ म्हणजे डायाटम, अर्थात सिलिकेची पेशीभित्ती असलेली एकपेशीय शैवाले. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर येणारी, बोटाने सहज पुसली जाणारी तपकिरी भुकटी ती हीच, आणि टाकी स्थिरावली की ती बहुधा आपोआप ओसरते. तिच्यावर औषध विकणे हा निव्वळ व्यापार आहे.

खरी डोकेदुखी सायनोबॅक्टेरियांची, म्हणजे नीलहरित शैवालांची. ही रूढ अर्थाने शैवाले नव्हेतच. ते प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. त्यांचा बुळबुळीत पापुद्रा वाळूवरून सलग चादरीसारखा उचलला जातो, त्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले दिसतात आणि त्याला ओल्या मातीचा कुबट वास येतो. मुनिरक्यापासून फार दूर नसलेल्या पुसा येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत याच वर्गातील जीव मुद्दाम वाढवले जातात, कारण त्यांतील काही हवेतला नायट्रोजन बांधतात; भातखाचरांतील त्यांचे हे कार्य पी. के. डे यांनी 1939 साली दाखवून दिले, तर त्यांच्या भारतीय जातींचा टी. व्ही. देसिकाचारी यांचा मोठा ग्रंथ 1959 साली नवी दिल्लीतूनच प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याला जो जीव खत म्हणून दिला जातो तोच मत्स्यपालक मारू पाहतो, आणि पाण्यातले नायट्रेट शून्यावर आणून त्याला उपाशी ठेवण्याचा बेत का फसतो, याचे उत्तरही यातच सापडते. वनस्पतींच्या टाकीत नायट्रेट संपले आणि फॉस्फेट उरले, तर वनस्पती खुंटतात व मैदान सायनोबॅक्टेरियांना मोकळे मिळते. अशा टाकीत लिटरमागे 5 ते 20 मिलिग्रॅम नायट्रेट राखणेच हिताचे असते.

जिवाणू असल्यामुळे ते एरिथ्रोमायसिनने मरतात, ही माहिती व्यवसायात सर्वदूर पोहोचली आहे आणि दुर्दैवाने तीच सर्वांत आधी वापरली जाते. या प्रतिजैविकाने पापुद्रा काही दिवसांत जातो, परंतु गाळ, दिवा आणि साचलेले फॉस्फेट जागच्या जागी राहत असल्याने तो परततो. शिवाय माणसांसाठीचे, नियमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकता येणारे हे औषध पाणी बदलताना गटारात जाऊन प्रतिरोधक जिवाणूंच्या वाढीला हातभार लावते. देखभालीच्या पिशवीतून ही पुडी काढून टाकावी, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

मासे हा पर्यायही फारसा उपयोगाचा नाही. कोरीडोरास वाळू चाळतो, शेवाळ खात नाही. दख्खनच्या नद्यांतील ज्या माशाला निसर्गाभ्यासक साइक्स यांनी 1839 मध्ये ‘मुल्ल्या’ हे नाव दिले, तो गारा प्रजातीतला मासा दगड खरवडण्यात पटाईत आहे, पण त्याच्या ओठांना सुट्या कणांचा आधार पुरत नाही. वाळूत शिरून ती वरखाली करणारी मेलॅनॉइडिस गोगलगाय मात्र खरोखर कामाची असते. तिची संख्या फाजील वाढली तर खाद्य जास्त पडते आहे, इतकेच त्यातून समजावे.

पापुद्रा असलेल्या टाकीत तो प्रथम सायफनने, नळीचे तोंड वाळूपासून बोटभर वर धरून, ओढून काढावा. अन्यथा तो मरून पाण्यात अमोनिया सोडतो. त्यानंतर टाकी तीन ते चार दिवस कापडाने पूर्ण झाकावी, त्या काळात खाद्य बंद ठेवावे आणि शेवटी एकतृतीयांश ते निम्मे पाणी क्लोरिन काढून बदलावे. दिवा पुढे टायमरवर सहा ते आठ तासच चालवावा व फिल्टरचा प्रवाह तळाच्या मंद कोपऱ्याकडे वळवावा. काचेला लागून वाळूच्या आत दिसणारी हिरवी रेघ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बाजूच्या प्रकाशावर तगणारी ही रेघ म्हणजे पुढच्या पापुद्र्याचे बियाणे असते, म्हणून तेवढ्या उंचीची काळी पट्टी बाहेरून चिकटवावी. मे-जूनमध्ये ही झाकण्याची क्रिया करताना एअर पंप अखंड चालू हवा, कारण 25 अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम मावणारा विरघळलेला प्राणवायू 32 अंशांना सुमारे 7.3 वर येतो आणि अंधारात वनस्पतीही तो वापरतातच. वीज जाण्याची शक्यता असलेल्या घरात बॅटरीवरचा पंप हाताशी नसेल, तर हे काम पाऊस सुरू होईपर्यंत पुढे ढकलावे.