राजापूर : अक्षरें चार कीं सात ?

'राजापूर' या नांवांत अक्षरें किती, असें बालवर्गांतील मुलास पुसावें. तो बोटांवर मोजून चार सांगेल. हाच प्रश्न वेबपृष्ठांच्या जावास्क्रिप्ट या भाषेस केल्यास उत्तर येतें, सात! दोन काने व एक ऊकार ती निराळे मोजते. ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं ही भाषा अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केली, हें खरें; परंतु हा दोष घाईचा नव्हे. एक खूण म्हणजे एक अक्षर, ही रोमन लिपीची समजूत तींत मुरली आहे.

वाचकांस यांत गंमत वाटेल. ज्योत्स्नाबाईंस वाटणार नाहीं. त्यांच्या दोन अक्षरी नांवाचीं चिन्हें दहा भरतात, आणि अर्जांत आठांचीच मर्यादा असली कीं 'ज्योत्स्' एवढेंच उरतें. बोल मात्र लागतो तो प्रोग्रॅमरास. आणि राजापूरच्या कित्येक घरचीं मुलें आज पुण्या-मुंबईस याच व्यवसायांत आहेत.

अक्षरें नीट ओळखणारें सेगमेंटर नांवाचें साधन पुढें निघालें. क्रोमनें तें २०२० सालीं घेतलें, सफारीनें २०२१ सालीं. फायरफॉक्सला २०२४ उजाडलें. तोंवर एकच काम दोनदां लिहिणें आलें. शिवाय जोडाक्षर अखंड मानावें हा नियम युनिकोडनें २०२३ सालीं केला. त्यामुळें जुन्या ब्राउझरांत 'रत्नागिरी' पांच अक्षरांची, तर नव्या नियमानें चारांची!

आम्ही या मुलांस इतकेंच सुचवितों कीं, नांवाची मर्यादा सढळ ठेवावी, आणि चांचणीसाठीं 'राम' न घेतां 'ज्योत्स्ना' घ्यावी.