‘पैसे दिले : हो / नाही’ हा रकाना मला पटत नाही

उधारीची वही डेटाबेसमध्ये कशी आणायची, हे आपण व्हिडिओत बघितलं. त्यात एक मुद्दा घाईघाईत सांगून गेलो, तो इथे नीट मांडतो.

आपल्याकडे कृषी केंद्राची उधारी कशी चालते तुम्हाला माहीतच आहे. शेतकरी जूनमध्ये बी-खत नेतो, थोडे पैसे सोयाबीन विकल्यावर देतो, उरलेले हळद निघून, शिजून, वाळून बाजारात गेल्यावर. म्हणजे एक बिल आठ-दहा महिने अर्धवट उघडं असतं. आता या बिलाला ‘पैसे दिले’ असा एकच हो-नाहीचा रकाना लावा. काय भरणार?

मी ही चूक स्वतः केली आहे. एका दुकानासाठी टेबल बनवलं, त्यात हाच रकाना ठेवला. एका दादांनी दिवाळीच्या सुमारास अर्धी रक्कम दिली, पण पूर्ण नाही म्हणून रकान्यात ‘नाही’च राहिलं. मार्चमध्ये यादी काढली आणि चारचौघांत त्यांच्याकडे पूर्ण रक्कम मागितली गेली. हिशोब नंतर जुळला, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही. कॉम्प्युटर बरोबर होता, रकाना चुकीचा होता. आणि रकाना मी केला होता.

म्हणून माझं मत सांगतो. जमा रकमेचं वेगळं टेबल करा : कोणत्या बिलापोटी, किती, कधी. आणि बिलावर हो-नाहीऐवजी ‘पूर्ण फिटल्याची तारीख’ ठेवा. तारीख रिकामी म्हणजे बाकी आहे. तारीख असली की ‘फिटलं का’ आणि ‘कधी फिटलं’ दोन्ही कळतं. पुढच्या हंगामात उधारी कुणाला द्यायची, हे दुसऱ्या उत्तरावरूनच ठरतं की नाही?

हो-नाही कुठेच नको असं नाही. ‘मेसेज पाठवायचा का’ हा खरा हो-नाहीचा प्रश्न आहे, तिथे ठेवा. पण रकाना रिकामा राहू देऊ नका, सुरुवातीची किंमत ठरवून द्या. कारण रिकामा म्हणजे ‘नाही’ नव्हे. ‘हो’वाले मागा, रिकामे येत नाहीत, ‘नाही’वाले मागा, तरी येत नाहीत. दोन्ही याद्यांतून माणूस गायब!

आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला, आणि एसक्यूएलच्या प्रमाणात बूलियन आला तोही १९९९ च्याच आवृत्तीत. तरी प्रत्येक डेटाबेसचं घराणं वेगळं. पोस्टग्रेसमध्ये खरा बूलियन आहे, एका बाइटचा. मायएसक्यूएलमध्ये बूलियन लिहिलं तरी आत छोटा पूर्णांकच बसतो, त्यामुळे चुकून ७ सुद्धा चालून जातो. एसक्यूलाइट ० आणि १ साठवतो. काहीही वापरा, फक्त ‘हो’, ‘होय’, ‘वाय’ असं अक्षरी लिहू नका. तीन माणसं तीन तऱ्हेने लिहितील.

आता इंडेक्स. ‘सर, स्लो झालं की त्या रकान्यावर इंडेक्स टाकू का?’ वसमतच्या हळद बाजारात प्रत्येक ढिगाऱ्यावर ‘इथे हळद आहे’ अशी पाटी लावली तर काय उपयोग? अर्धे ‘हो’ आणि अर्धे ‘नाही’ असतील तर इंडेक्स तेवढाच निरुपयोगी. डेटाबेस बहुतेक वेळा तो बाजूला ठेवून सगळं टेबल वाचतो. वर प्रत्येक नव्या बिलाला तो इंडेक्स सांभाळायचा खर्च आहेच.

उपयोग कधी होतो? जे शोधायचं ते थोडं असेल तेव्हा. समजा चार वर्षांची ४०,००० बिलं आहेत आणि बाकी फक्त ६००. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये फक्त या ६०० ओळींचाच इंडेक्स करता येतो, त्याला पार्शियल इंडेक्स म्हणतात. तो ग्राहकाच्या नावावर किंवा मुदतीच्या तारखेवर करा, अट ठेवा ‘फिटल्याची तारीख रिकामी’. बिल फिटलं की ते त्यातून आपोआप निघतं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही, तिथे फिटल्याची तारीख आणि मुदत असा जोडइंडेक्स करा. पहिल्याच वर्षी मात्र सप्टेंबरात जवळपास सगळीच बिलं बाकी असतात, तेव्हा हा इंडेक्स काही कामाचा नाही. आणि पाचशे बिलांच्या दुकानाला कुठलाच लागत नाही. शंका आली तर प्रश्नाच्या आधी ‘एक्सप्लेन’ लिहून चालवा, डेटाबेस इंडेक्स वापरतोय की नाही ते स्वतः सांगतो.

टेबल आधीच बनवलं असेल तर जुना रकाना आज उडवू नका. शेजारी तारखेचा जोडा आणि वहीतून तारखा शोधून भरा. एकही ‘हो’ तारखेविना उरला नाही, हे तपासल्यावरच जुना काढा.