आवाजाची चाचणी आणि मित्रांचे कान

आकाशवाणी, चित्रपट, जाहिराती व बोलकीं पुस्तकें यांसाठीं केवळ आवाज देऊन उपजीविका करणारे कलावंत आज आपल्या देशांत आहेत, ही गोष्ट जुन्नर-आंबेगांवच्या पुष्कळ पालकांस अद्यापि खरी वाटत नाहीं. २०१५ सालच्या ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तींत नायकाचा आवाज शरद केळकर यांचा होता, व २०२१ सालच्या ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तींत श्रेयस तळपदे यांचा, पडद्यावर मात्र नायक म्हणून दिसतात ते निराळे नट. अशा कामासाठीं बहुधा आधीं आवाजाची चाचणी असते. दिलेला उतारा वाचून, मुद्रित करून पाठवावयाचा व निवडीची वाट पाहावयाची. या धंद्यांतील पुष्कळ मंडळी तें मुद्रण आधीं एकमेकांस ऐकवितात व दोष विचारून घेतात. ही चाल आमच्या विद्यार्थ्यांनीं आतांच उचलावी, असें आमचें मत आहे.

याचें पहिलें कारण अगदीं शारीरिक आहे. आपण बोलतों तेव्हां आपला आवाज आपणांस हवेंतून ऐकूं येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो. म्हणून तो स्वतःस भरदार वाटतो. तोच यंत्रावर ऐकला म्हणजे पातळ व परका भासतो, आणि मुलगा ओशाळून यंत्र बंद करतो. वस्तुतः जगास तोच आवाज ठाऊक असतो. तेव्हां त्याचा न्याय करण्यास आपले एकट्याचे कान अपुरे पडतात. (खोडदला आकाशांतील क्षीण रेडिओलहरी टिपण्यासाठीं एक नव्हे, तीस तबकड्यांची दुर्बीण उभारावी लागली, हें येथल्या मुलांस सांगावयास नको.)

आमचें नारायणगांवच पाहा. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें निरनिराळ्या तमाशाफडांच्या राहुट्या शेजारीं शेजारीं लागतात, व गांवोगांवचे यात्रेचे पंच हिंडून सुपारी ठरवितात. एकाच गिऱ्हाइकासाठीं बसलेले प्रतिस्पर्धी, मध्यें फक्त कनात! विठाबाई नारायणगांवकर यांचा आवाज महाराष्ट्रभर गाजला. तो घडला वडील व चुलते यांच्या भाऊ-बापू फडांत, घरच्याच माणसांच्या कानांसमोर. मुख्य गाणाऱ्याचा सूर घसरला तर तो प्रेक्षकांआधीं झीलकऱ्यास कळतो.

कोणी म्हणेल, एकाच भूमिकेसाठीं दोघे मित्र चाचणी देत असतां दुसऱ्याचा दोष सुधारून आपली संधी कां घालवावी? ही शंका खोटी नाहीं. घेतला जाणारा एकच असतो, आणि कधीं तो आपण सुधारलेला मित्रच निघतो. तें दुःख आम्ही लपवीत नाहीं. परंतु जेथें म्हाताऱ्याचा घोगरा आवाज हवा आहे, तेथें मंजूळ गळ्यानें मत्सर करून काय साधेल? शिवाय दुसऱ्याच्या वाचनांतील चूक नेमकी सांगतां येऊं लागली, कीं आपल्या वाचनांतील तीच चूक आपणांस बोचूं लागते. चाचणी हरली तरी हा लाभ पदरीं राहतो.

मात्र ‘छान झालें’ हें मत नव्हे. ‘तिसऱ्या वाक्यांत श्वास मध्येंच तुटला’, ‘रागाच्या जागीं नुसता आवाज चढला, शब्द तापले नाहींत’, असें बोट ठेवून सांगावें. याहून नाजूक गोष्ट बोलीची. आमचीं कांहीं मुलें ‘पाणी’ऐवजीं ‘पानी’ म्हणतात, शहरांत हंशा होतो, आणि त्या दिवसापासून तीं तोंडच उघडीत नाहींत. बातम्या वाचावयाच्या असतील तर ‘ण’ घटविलाच पाहिजे. पण भीमाशंकरच्या बाजूच्या एखाद्या आजीचें बोलणें वठवावयाचें असेल, तर तोच ‘न’ सोन्याचा. बाहेरच्या कलावंतास तो महिनाभर घोकूनही सहसा साधत नाहीं. दोष कोणता व बोली कोणती, हें मित्रानें ओळखावें. नुसतें हंसणारा मित्र या कामीं निरुपयोगी होय.

एक सावधगिरी. चाचणीचा उतारा पुष्कळदां गुप्ततेच्या अटीवर दिलेला असतो. तसा असल्यास तो फिरवूं नये. सरावास पाठ्यपुस्तकांतील धडा पुरे. तसेंच थोड्याशा नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. म्हणून आपलें मुद्रण अनोळखी हातीं जाऊं देऊं नये.

पालकांस विनंती इतकीच, कीं संध्याकाळीं चार मुलें ओट्यावर एकच उतारा आळीपाळीनें वाचीत बसलीं, तर अभ्यास बुडतो म्हणून त्यांस उठवूं नये. घरांतील एखाद्या वडील माणसानें, आजी असल्यास तिनेंच, जवळ बसून ऐकावें आणि वाचन खोटें वाटलें तर तेथेंच थांबवावें.