वळचणीस आलेली खार

कोकणांतील एका भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, त्यांच्या माजघराच्या वळचणीस खारीनें घरटें केलें असून त्यावरून घरांत दोन पक्ष पडले आहेत. सासूबाई म्हणतात, रामाची खार, तिला हात लावूं नये. यजमान म्हणतात, विजेची तार कुरतडली तर घरास आग लागेल. दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं, म्हणून एका शब्दाचें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं.

सासूबाईंची कथा सर्वांस ठाऊक आहे. सेतु बांधतांना खारीनें अंगास लागलेली वाळू नेऊन टाकिली, रामानें तिच्या पाठीवरून बोटें फिरविलीं आणि तीं तिच्या अंगावर उमटलीं. वाल्मीकिरामायणांत हें नाहीं. तथापि 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग त्याच कथेचा. आपल्या प्रांतांत तीन पट्ट्यांची आणि पांच पट्ट्यांची अशा दोन्ही जाती आढळतात. पांच पट्ट्यांच्या खारीस कोणीं गोंजारिलें, याचा उलगडा मात्र कथेंत होत नाहीं!

यजमानांची भीतिही सकारण आहे. खारीचे पुढचे दांत उंदराप्रमाणें जन्मभर वाढतात, म्हणून तिला सतत कांहीं तरी कुरतडावेंच लागतें, आणि तारेवरील वेष्टण व वाळकी साल यांत ती भेद करीत नाहीं. तेव्हां वळचणीजवळून गेलेल्या तारा जाणत्या कारागिराकडून धातूच्या नळींत घालून घ्याव्या. हें काम पुढें ढकलूं नये. मात्र तें करितांना घरट्यास धक्का लागतां कामा नये.

कारण खरा प्रश्न घरट्यांत पिलें आहेत कीं नाहींत, हा आहे. खार दिवसां वावरणारी. ती काथ्या, गवत, गोधडीचा कापूस, देवघरांतील वातीसुद्धां तोंडांत धरून वर नेत असेल, तर बिऱ्हाड थाटणें चालू आहे असें समजावें. गर्भधारणा सुमारें 34 दिवसांची. बहुधा दोन किंवा तीन पिलें होतात. तीं जन्मतः आंधळीं व केसरहित असतात, आणि त्यांचें दूध सुटण्यास सुमारें दहा आठवडे लागतात. या काळांत भोंक बुजविलें तर पिलें आंत उपाशीं मरतील आणि आई बाहेर चिरकत राहील. असें करण्यास कोणाचेंही मन धजूं नये. विषाचीं आमिषें तर मुळींच नकोत. तीं मांजराच्या पोटांतही जातात, आणि घरांत रांगतें मूल असेल तर बोलावयासच नको.

एखादें पिलूं खालीं पडलें, तर मुलें तें पाळावयास मागतील. त्यांस समजावून पिलूं मऊ फडक्यावर टोपलींत ठेवावें, टोपली घरट्याजवळ उंच टांगावी आणि मांजरास कोंडून सर्वांनीं दूर व्हावें. आई बहुधा त्यास तोंडांत धरून परत नेते.

अंगणांतील शेंगदाण्यांच्या वाळवणाची नासाडी ती करणारच. त्यावर जुनें पातळ पसरावें, पण तिला हातानें खाऊं घालण्याची संवय लावूं नये. आणि रात्रीं माळ्यावर खुडबुड होत असेल, तर ती बहुधा उंदराची. त्याचा आळ खारीवर नको.

पिलें कौलांवर स्वतः धावूं लागलीं कीं, दोन-तीन दिवस सकाळीं लक्ष ठेवावें. सर्व बाहेर पडलीं आहेत अशी खात्री होतांच भोंकावर पत्र्याची पट्टी ठोकावी. लांकडी फळी ती पुनः कुरतडील.